मक्ता दिला, मग जबाबदारी कोणाची?

लग्नामुंजीचा स्वयंपाक मक्त्यानें देण्याची चाल आपल्याकडे आतां इतकी रुळली आहे कीं, घरच्या बायकांनीं पहांटे उठून पुरण वाटल्याच्या गोष्टी आजीच्या तोंडूनच ऐकावयाच्या. आचारी येतो, भांडीं येतात, वाढपी येतात. यजमानानें हात जोडून पंगतींतून फिरावें एवढेंच त्याचें काम उरतें. परंतु समजा, त्या जेवणानें दहा पाहुणे आजारी पडले आणि यजमानानें “आम्हीं काय करावें? मक्ता आचाऱ्याचा होता” असें म्हणून दार लावून घेतलें, तर त्यास कोणी शहाणा म्हणेल काय? आचाऱ्यास जाब विचारला जाईलच. पण पाहुणे आले ते आचाऱ्याच्या नांवावर नव्हे, तर यजमानाच्या अक्षतीवरून आले. ही गोष्ट घरांतील शाळकरी मुलासही कळते. सरकार आणि नगरपालिका यांच्या दारीं मात्र ती तितक्या सहजपणें कळत नाहीं, आणि ती कां कळत नाहीं याचा थोडा विचार करावा म्हणून आम्हीं हा लेख लिहावयास घेतला आहे.

सरकारचीं कितीतरी कामें आतां खासगी कंपन्या करतात. सकाळीं दारावर येणारी कचऱ्याची गाडी, महामार्गावरील पथकराचा नाका, पारपत्राचे अर्ज घेणारी खिडकी, १०८ या क्रमांकावर बोलाविली जाणारी रुग्णवाहिका, मुलांच्या नोकरीच्या परीक्षांचीं संगणक-केंद्रें, या सर्वांवर पाटी सरकारची असते आणि पगार बहुधा कंपनीचा असतो. यांत मुळांतच कांहीं पाप आहे असें आमचें म्हणणें नाहीं. सरकारी खात्यास जें काम सहा महिन्यांत होत नाहीं तें कंपनी कधीं कधीं सहा दिवसांत करून दाखविते, हेंही आम्हीं पाहिलें आहे. ‘कंपनी सरकार’ हा शब्द आमच्या पणजोबांच्या तोंडीं होता. त्या काळीं व्यापारी कंपनीच सरकार होऊन बसली होती. आतांचा प्रकार उलट आहे. सरकार जागच्या जागीं आहे, परंतु त्याचे हात कंपनीचे आहेत. मग त्या हातांनीं कोणाचें नुकसान झालें, तर त्यानें दाद कोणाकडे मागावी?

या प्रश्नाचें उत्तर पुस्तकांत शोधण्यापूर्वीं मोरबीस जाऊं.

मोरबी हें सौराष्ट्रांतील जुन्या संस्थानाचें गांव. घड्याळें आणि फरशा यांच्या कारखान्यांसाठीं तें प्रसिद्ध आहे. ११ ऑगस्ट १९७९ रोजीं मच्छू नदीवरील धरण फुटून तेथें जो हाहाकार उडाला, तो जुन्या मंडळींच्या स्मरणांतून जाणें शक्य नाहीं. त्याच नदीवर वाघजी ठाकोर यांच्या कारकीर्दींत, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, एक झुलता पूल बांधला गेला. लांबी सुमारें २३० मीटर, रुंदी जेमतेम सव्वा मीटर. सणासुदीस लोक मुलांबाळांना घेऊन त्यावर फिरावयास जात. पूल मालकीनें नगरपालिकेचा. परंतु त्याची निगा राखून तिकिटावर माणसें सोडण्याचें काम अजंता मॅन्युफॅक्चरिंग या कंपनीकडे, म्हणजे ओरेवा समूहाकडे, होतें. भिंतीवरील घड्याळें करणारा हा समूह. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या माजघरांतही त्याचें घड्याळ टिकटिकत असेल.

घड्याळें करणाऱ्यानें पूल कां सांभाळावा, हा प्रश्न कोणास पडला नाहीं असें दिसतें. २००८ सालीं केलेला करार २०१७ सालीं संपला. पुढें जवळजवळ पांच वर्षें कोणताही करार नसतां पूल कंपनीच्याच हातीं राहिला. मार्च २०२२ मध्यें पंधरा वर्षांचा नवा करार झाला, तोही निविदा न मागवितां. दुरुस्तीसाठीं बंद ठेवलेला पूल २६ ऑक्टोबर २०२२ रोजीं, गुजराती नववर्षाच्या मुहूर्तावर, खुला करण्यांत आला. नगरपालिकेकडून पूल सुरक्षित असल्याचें प्रमाणपत्र घेतलेलें नव्हतें. मोठ्या माणसास सतरा रुपये आणि मुलास बारा रुपये असें तिकीट होतें. चारच दिवसांनीं, रविवार ३० ऑक्टोबर रोजीं तिन्हीसांजेस, पुलावर शेंकडों माणसें असतां तारेचा मुख्य दोर तुटला आणि १३५ माणसें प्राणांस मुकलीं. त्यांत लहान मुलें किती होतीं हें वाचतांना आमच्यानें पुढची ओळ वाचवली नाहीं.

राज्य सरकारनें नेमलेल्या विशेष तपास पथकाचा अहवाल पुढें प्रसिद्ध झाला. तुटलेल्या दोरांत ४९ तारा होत्या. त्यांपैकीं २२ तारा गंजलेल्या होत्या आणि त्या दुर्घटनेपूर्वींच तुटलेल्या असाव्या. उरलेल्या २७ तारा त्या वेळीं तुटल्या. म्हणजे ज्या दिवशीं तिकिटें विकलीं जात होतीं त्या दिवशीं तो दोर जवळजवळ निम्मा मेलेला होता. पुलास खालून धरणाऱ्या जुन्या सळया बदलण्याऐवजीं त्यांनाच नव्या सळया वेल्डिंगनें जोडल्या होत्या. एका वेळीं किती माणसें पुलावर सोडावीं याला धरबंध नव्हता. वरवरचा साज मात्र नवा झाला होता, आणि लोकांस दिसतो तो साजच.

येथें आमच्या मुख्य प्रश्नास आरंभ होतो. पोलिसांनीं प्रथम नऊ जण धरले. ते कोण होते हें पाहण्याजोगें आहे. कंपनीचे दोन व्यवस्थापक, दुरुस्ती करणारे दोन पोटमक्तेदार, तीन पहारेकरी आणि तिकिटें देणारे दोन कारकून! ज्यांच्या हातांत तिकिटांचा गठ्ठा होता त्यांच्या हातांत तारा तपासण्याचें यंत्र नव्हतें, आणि ‘आज पूल बंद’ असें म्हणण्याचा त्यांस काय अधिकार असणार? आपल्याही घरांतून आज एखादा पदवीधर मुलगा अशाच कुठल्यातरी मक्तेदाराकडे, सरकारी पाटीखालीं, महिन्याच्या पगारावर बसलेला असतो. संकट आलें म्हणजे प्रथम सांपडतो तो असा. या पहारेकऱ्यांस आणि कारकुनांस पुढें उच्च न्यायालयानें जामिनावर सोडलें. कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक ३१ जानेवारी २०२३ रोजीं, म्हणजे तीन महिन्यांनीं, न्यायालयास शरण आले. सर्वोच्च न्यायालयानें मार्च २०२४ मध्यें त्यांस जामीन दिला. धरलेल्या व्यवस्थापकांपैकीं एकानें तर न्यायाधीशांपुढें ही ‘ईश्वराची इच्छा’ असल्याचें सांगितलें. ईश्वर हा असा एकच मक्तेदार आहे कीं ज्यावर समन्स बजावतां येत नाहीं.

आणि नगरपालिका? तिचें म्हणणें असें कीं, पूल खुला केल्याचें आम्हांस कळविलेंच नाहीं. आपल्याच मालकीचा पूल, गांवाच्या मध्यावर, सणाच्या दिवसांत, माणसांनीं फुललेला. आणि मालकास पत्ता नाहीं! गुजरात उच्च न्यायालयानें नोव्हेंबर २०२२ मध्यें आपण होऊन हें प्रकरण हातीं घेतलें, तेव्हां इतक्या महत्त्वाच्या कामाचा करार अवघ्या दीड पानांत कसा आटोपला आणि निविदा कां मागविल्या नाहींत, असा रोकडा प्रश्न न्यायमूर्तींनीं केला. आमच्या घरांत भाडेकरू ठेवावयाचा तरी कागद याहून मोठा होतो. २२ फेब्रुवारी २०२३ रोजीं न्यायालयानें कंपनीस हुकूम केला कीं, प्रत्येक मृताच्या वारसांस दहा लाख आणि जखमीस दोन लाख रुपये अंतरिम भरपाई म्हणून द्यावे. हे पैसे भरले म्हणजे कंपनी जबाबदारींतून मोकळी झाली असें समजूं नये, असेंही न्यायालयानें बजावलें. त्याच वर्षीं एप्रिलमध्यें ती नगरपालिका सरकारनें बरखास्त केली.

मोरबीच्या लोकांचें दुःख देशभर गाजलें, म्हणून उच्च न्यायालय स्वतः पुढें झालें. पण न गाजलेल्या प्रकरणांत, एखाद्या गल्लींतल्या उघड्या खड्ड्यांत पडलेल्या माणसानें काय करावें? त्याच्यासाठीं कायदा काय सांगतो?

सामान्य नियम असा आहे कीं, नोकराच्या चुकीस धनी जबाबदार असतो, स्वतंत्र मक्तेदाराच्या चुकीस नसतो. आपण गवंड्यास घर बांधावयास दिलें आणि त्यानें वाटेंत कोणाशीं मारामारी केली, तर तिचा दोष आपल्यावर येत नाहीं. या नियमाच्या आडोशास सरकारी संस्था उभ्या राहूं पाहतात. परंतु ज्या इंग्रजी कायद्यांतून हा नियम आला त्यांतच त्याचा अपवादही फार पूर्वींपासून आहे. टेनिसच्या सामन्यांमुळें आपल्या मुलांस ठाऊक असलेल्या विंबल्डन गांवीं तेथील नागरी मंडळानें एका रस्त्याचें काम मक्त्यानें दिलें होतें. मक्तेदारानें मातीचा ढीग रस्त्यांतच टाकला. रात्रीं त्यावर दिवा ठेवला नाहीं. अंधारांत वाटसरू अडखळून पडला. मंडळ म्हणालें, चूक मक्तेदाराची. १८९९ सालीं न्यायालयानें सांगितलें कीं, सार्वजनिक रस्ता खणणें हें कामच असें आहे कीं काळजी न घेतल्यास लोकांस अपाय व्हावा. अशा कामाची काळजी दुसऱ्याच्या गळ्यांत घालून मोकळें होतां येत नाहीं. काम सोंपवितां येतें, कर्तव्य सोंपवितां येत नाहीं, असा या निवाड्याचा इत्यर्थ.

आपल्या देशांतही याच जातीचा एक निवाडा आहे. दिल्लीच्या चांदणी चौकांतील घंटाघर १९५० च्या सुमारास कोसळलें आणि त्याखालीं माणसें चिरडून मेलीं. नगरपालिका म्हणाली कीं, आंत काय बिघडलें होतें हें आम्हांस बाहेरून दिसलें नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें १९६६ सालीं हें म्हणणें फेटाळलें. इमारत ऐंशीं वर्षांची, तिच्या चुन्याचें आयुष्य चाळीस-पंचेचाळीस वर्षांचें. मग तपासून पाहणें हें मालकाचें काम नव्हे काय? वाटसरूनें नगरपालिकेची चूक सिद्ध करीत बसण्याचें कारण नाहीं. इमारत पडली हाच पुरावा, आणि आपण काळजी घेतली होती हें मालकानें दाखवावें. मोरबीच्या नगरपालिकेनें हा निवाडा वाचला असता, तर तारा मोजावयास तिनें स्वतःचा माणूस पाठविला असता.

तथापि सगळेच निवाडे असे नागरिकाच्या बाजूचे नाहींत, हेंही प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. १९४७ च्या सप्टेंबरांत अमृतसरचा एक सराफ सोनेंचांदी विकावयास मीरतेस गेला असतां संशयावरून पोलिसांनीं त्यास पकडलें व त्याचा माल जप्त केला. शंभर तोळ्यांहून अधिक असलेलें तें सोनें ज्या हवालदाराच्या ताब्यांत होतें तो तें घेऊन पाकिस्तानांत पळाला. सराफास चांदी परत मिळाली, सोनें गेलें तें गेलेंच. सर्वोच्च न्यायालयाचे त्या वेळचे मुख्य न्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनीं या प्रकरणांत निर्णय दिला कीं, माणसास अटक करणें व माल जप्त करणें हीं राज्यसत्तेचीं खास कामें होत, म्हणून सरकारवर भरपाईची जबाबदारी येत नाहीं. ही स्थिति समाधानकारक नसून कायदेमंडळानें ती सुधारावी, असेंही त्यांनीं तेथेंच नमूद केलें. विधि आयोगानें तर १९५६ सालीं आपला अगदीं पहिलाच अहवाल या विषयावर दिला होता. १९६५ व १९६७ सालीं विधेयकें आलीं, आणि मंजूर न होतांच विरून गेलीं. कायदेमंडळानें जें केलें नाहीं तें पुढें न्यायालयांनीं थोडें थोडें केलें. १९९३ व १९९४ सालच्या निवाड्यांनीं सरकारची ही ढाल बरीच आंखूड झाली.

ज्याच्याजवळ ढाल असते त्याच्याआड दुसराही लपूं पाहतो. अमेरिकेंत हें उघड घडलें. १९८३ सालीं व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळ तेथील नौसैनिकांचें एक हेलिकॉप्टर समुद्रांत पडलें. सहवैमानिक पडण्यानें मेला नाहीं. बाहेर पडण्याचें दार बाहेरच्या बाजूस उघडणारें होतें आणि पाण्याच्या दाबापुढें तें उघडेना, म्हणून तो आंत बुडाला, असें त्याच्या वडिलांचें म्हणणें होतें. त्यांनीं विमान बनविणाऱ्या कंपनीवर दावा केला. १९८८ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार अशा मतांनीं ठरविलें कीं, सरकारनें नमुना नेमका मंजूर केला असेल, वस्तु त्याबरहुकूम असेल आणि ठाऊक असलेले धोके कंपनीनें सरकारपासून लपविले नसतील, तर कंपनीस जबाबदार धरतां येणार नाहीं. म्हणजे सरकारास विचारावें तर तें सार्वभौम, आणि कंपनीस विचारावें तर ती सरकारच्या हुकुमाची ताबेदार. बाप बिचारा दोहोंकडून रिकाम्या हातीं परतला. आमच्याकडे हें तत्त्व कोणी आणूं पाहील तर त्यास वेळींच हटकलें पाहिजे.

आमच्या न्यायालयांचा कल सुदैवानें निराळा आहे. भोपाळच्या वायुकांडास वर्ष होतें न होतें तोंच, डिसेंबर १९८५ मध्यें दिल्लींतील एका खासगी कारखान्यांतून विषारी वायु सुटला. त्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, धोक्याचा धंदा करणाऱ्यानें “आम्हीं पुरी काळजी घेतली होती” ही सबबही सांगूं नये. नुकसान झालें कीं भरपाई दिलीच पाहिजे. पण सरकारसारखें काम करणारी खासगी कंपनी घटनेच्या बाराव्या कलमाखालीं ‘राज्य’ समजावी काय, या प्रश्नाची बरीच चर्चा करूनही त्याचा निकाल न्यायालयानें त्या वेळीं दिला नाहीं. १९८९ सालीं अहमदाबादच्या एका महाविद्यालयाच्या प्रकरणांत एवढें मात्र ठरलें कीं, सार्वजनिक कर्तव्य करणाऱ्या खासगी संस्थेसही उच्च न्यायालय आज्ञा करूं शकतें. कंपनीस तुरुंगांत बसवितां येत नाहीं म्हणून तिच्यावर खटलाच चालणार नाहीं, हा जुना समजही २००५ सालीं गेला. तिला दंड करतां येतो.

मुंबईच्या वाचकांस १४ मार्च २०१९ ची संध्याकाळ आठवत असेल. छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसाजवळचा पादचारी पूल घरीं परतणाऱ्या लोकांसह कोसळला. पहिले कांहीं तास पूल रेल्वेचा कीं महापालिकेचा यावरच वाद चालला होता. जखमी अजून रुग्णालयांत पोहोंचत होते. मागाहून उघड झालें कीं, एका खासगी तपासनिसानें थोड्याच काळापूर्वीं या पुलाची पाहणी करून किरकोळ दुरुस्त्यांवर तो वापरण्याजोगा ठरविला होता. तपासनीसही धरला गेला, महापालिकेचे अभियंतेही धरले गेले. तपासण्याचें कामसुद्धां मक्त्यानें दिल्यावर आलेला कागद वाचून पुलाखालून एकदां चालून येण्याचें काम तरी मालकानें आपल्याकडे ठेवावें कीं नाहीं?

आम्हांस विचाराल तर एक तत्त्व आपल्याच कायद्यांत तयार आहे, तें फक्त पुढें न्यावयाचें आहे. कंत्राटी मजुरांसंबंधींच्या १९७० च्या कायद्यानें असें ठरविलें कीं, मक्तेदारानें मजुरी बुडविली तर मूळ मालकानें ती मजुरास द्यावी आणि मग मक्तेदाराकडून वसूल करावी. २०२० च्या नव्या संहितेनेंही तें कायम ठेवलें आहे. मजुराला दोन दारीं हिंडावयास नको. भांडण मालक आणि मक्तेदार यांनीं आपसांत मिटवावें. मजुरीसाठीं हें न्याय्य, तर जिवासाठीं कां नव्हे? सरकारी कामांत कोणास इजा झाली तर सरकारनें किंवा नगरपालिकेनें प्रथम भरपाई द्यावी, तिच्यासाठीं मक्तेदाराकडून आरंभींच तारण व विमा घ्यावा, आणि नंतर त्याच्याकडून पै न् पै वसूल करावी. असें झालें म्हणजे मक्ता देणारा अधिकारी दीड पानाचा कागद पुढें ठेवणार नाहीं. कारण पैसा प्रथम त्याच्याच तिजोरींतून जावयाचा. यावर कोणी म्हणेल कीं, हा पैसा शेवटीं करदात्यांचाच. तो करदात्यांचा आहे हें खरें. पण पूलही करदात्यांचाच होता आणि त्यावरून पडलींत तींही त्यांचींच माणसें होतीं.

कायदा बदलेल तेव्हां बदलो. तोंवर आपल्या घरांतील कर्त्या मंडळींस आणि विशेषतः निवृत्त झालेल्या वडीलधाऱ्यांस, ज्यांस वेळही आहे आणि सरकारी कागद वाचण्याची संवयही आहे, एक काम करतां येण्याजोगें आहे. आपल्या प्रभागांतील पूल, उद्वाहक, पोहण्याचा तलाव, मुलांच्या बागेंतील झुले, पाण्याची टाकी, यांपैकीं काय काय कोणत्या मक्तेदाराकडे आहे याची चौकशी करावी. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याखालीं कराराची प्रत मागतां येते. कंपनीचें व्यापारी गुपित असल्याचें उत्तर येण्याचा संभव आहे; परंतु जेथें व्यापक लोकहित असेल तेथें तेंही उघड करतां येतें असें त्याच कायद्यांत म्हटलें आहे. प्रत हातीं आली म्हणजे तींत चार गोष्टी पाहाव्या: तपासणी कोणी व किती महिन्यांनीं करावयाची, शेवटची तपासणी कोणत्या तारखेस झाली, पोटमक्तेदार नेमण्यास परवानगी आहे काय, आणि अपघात झाल्यास भरपाई कोणी द्यावयाची. अर्जाची फी दहा रुपये असून उत्तर तीस दिवसांत यावयास पाहिजे. न आल्यास वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करावें, त्यास फारसें शिक्षण लागत नाहीं, चिकाटी लागते.